एका फटक्याचे मोल : अनिर्बन लाहिरी आणि व्यावसायिक गोल्फ

अनिर्बन लाहिरी याचा जन्म २९ जून १९८७ रोजी पुण्यात झाला. वडील डॉ. तुषार लाहिरी सैन्यदलात वैद्यकीय अधिकारी, स्त्रीरोगतज्ज्ञ होते. घर बंगाली, पण सैन्यातल्या नोकरीमुळे बालपण एका गावाचे राहिले नाही. वडील हौसेने गोल्फ खेळत आणि वयाच्या आठव्या वर्षी मुलाच्या हातात क्लब त्यांनीच दिला. भारतातल्या बहुतेक लष्करी छावण्यांत गोल्फचे मैदान असते आणि अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना ते खुले असते. पुढे जगातल्या पहिल्या पन्नास खेळाडूंत जाऊन बसलेल्या या माणसाची सुरुवात त्या खुल्या फाटकातून झाली, ही गोष्ट त्याच्या चरित्रात सर्वांत आधी नोंदवावी लागते.

भारतीय गोल्फमध्ये शिरायच्या वाटा मोजक्या आहेत. क्लबच्या सभासदाचे मूल असणे ही एक, सैन्यातल्या कुटुंबाचे मूल असणे ही दुसरी. तिसरी वाट सर्वांत खडतर आणि सर्वांत अभिमानास्पद आहे. ती कॅडीची, म्हणजे दुसऱ्याच्या क्लबांची पिशवी खांद्यावर घेऊन मैदानभर चालणाऱ्या पोराची. १९६४ साली सुरू झालेली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर होता. त्याने ती १९९१ साली दिल्लीत जिंकली, आणि तो कॅडींमधूनच वर आला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मगावाचा, म्हणजे महूचा, मुकेश कुमार देशांतर्गत स्पर्धांची शंभराहून अधिक विजेतेपदे मिळवून वयाच्या ५१ व्या वर्षी, डिसेंबर २०१६ मध्ये, आशियाई टूरवरची, म्हणजे आशियातल्या व्यावसायिक स्पर्धांच्या साखळीतली, स्पर्धा जिंकला. एवढ्या वयात त्या टूरवर तोवर कोणीच जिंकले नव्हते. एसएसपी चौरासियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये मैदानाची निगा राखत. १८२९ साली स्थापन झालेल्या त्या क्लबात माळ्याचा मुलगा लपूनछपून खेळायला शिकला आणि पुढे २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकला. लाहिरीची गोष्ट या माणसांच्या गोष्टीपासून वेगळी काढता येत नाही. मोठमोठ्या स्पर्धांच्या अखेरच्या दिवशी तो त्यांच्याच बरोबरीने मैदानात होता.

खेळ समजून घेतल्याशिवाय हा पेशा समजत नाही. गोल्फच्या पूर्ण मैदानात अठरा होल असतात. प्रत्येक होल हा टीपासून, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून, ग्रीनवरच्या, म्हणजे बारीक कापलेल्या हिरवळीवरच्या, भोकापर्यंतचा स्वतंत्र पट्टा असतो. कुशल खेळाडूने तो किती फटक्यांत पुरा करावा हे ठरलेले असते आणि त्या संख्येला पार म्हणतात. एक फटका वाचला तर बर्डी, दोन वाचले तर ईगल, एक जास्त लागला तर बोगी. अठरा होलांचा एकूण पार बहुधा ७० ते ७२ असतो. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको. भोक १०८ मिलिमीटरचे. पिशवीत जास्तीत जास्त चौदा क्लब. व्यावसायिक स्पर्धा बहुधा चार दिवसांची, म्हणजे बहात्तर होलांची असते आणि ज्याचे फटके सर्वांत कमी तो जिंकतो. येथे समोर कोणी चेंडू टाकत नाही, कोणी अडवत नाही. थांबलेल्या चेंडूला मारायचे असते, आणि दोन फटक्यांमध्ये विचार करायला वेळ भरपूर असतो. त्या वेळेनेच चांगले चांगले खेळाडू मोडले आहेत.

पेशा म्हणून या खेळाचा हिशेब आणखी कठोर आहे. क्रिकेटपटूला संघाचे मानधन असते, कबड्डीपटूला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळू शकते. गोल्फपटूला ठरलेला पगार नाही. प्रवास, मुक्काम, प्रशिक्षक, कॅडी यांचा खर्च त्याचा त्याने करायचा. पहिल्या दोन दिवसांनंतर स्पर्धेत कट लागतो, म्हणजे वरचे साधारण निम्मे खेळाडू पुढे जातात आणि उरलेल्यांना तेथेच निरोप मिळतो. कट चुकला तर बक्षिसाचा पैसा मिळत नाही, पण हॉटेलचे बिल चुकत नाही. अमेरिकेच्या पीजीए टूरवर एकूण बक्षिसातला १८ टक्के वाटा विजेत्याला आणि १०.९ टक्के दुसऱ्याला मिळतो. त्यापुढे आकडे भराभर उतरतात. विजयाच्या रकमेतला साधारण दहावा हिस्सा कॅडीला देण्याची रीत आहे. एका फटक्याने माणूस कटच्या अलीकडे राहतो की पलीकडे जातो, यावर त्याचा पुढचा महिना ठरतो.

या पेशाला भारतात आकार आला तो २००६ साली पीजीटीआय, म्हणजे प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, स्थापन झाल्यावर. त्यातून व्यावसायिकांना वर्षभर खेळायला देशातच स्पर्धांची साखळी मिळाली. लाहिरी त्याच सुमारास तयार झाला. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने सांघिक रौप्यपदक मिळवले. गगनजीत भुल्लर, चिराग कुमार आणि जोसेफ चकोला यांच्यासोबत त्या संघात तो होता. पुढच्या वर्षी, विसाव्या वर्षी, तो व्यावसायिक झाला. त्याचे प्रशिक्षक विजय दिवेचा. कोवळ्या वयात धरलेला हा हात त्याने सोडला नाही. अमेरिकेत स्थिरावल्यानंतरही खेळ बिघडला की तो दिवेचांकडेच वळला.

आशियाई टूरवरचे पहिले विजेतेपद २०११ साली पॅनासोनिक ओपनमध्ये आले. त्यानंतर २०१२ व २०१३ मध्ये सेल-एसबीआय ओपन. ही तिन्ही विजेतेपदे भारतातली होती आणि त्यावरून बोलणारे बोलत होते की हा घरच्या मैदानावरचा खेळाडू आहे. त्या बोलण्यात थोडे तथ्यही होते. गवताची जात, ग्रीनचा वेग, हवेतला दमटपणा आणि वारा देशागणिक बदलतात, आणि परक्या मैदानावर जिंकणे ही वेगळी परीक्षा असते. त्या परीक्षेला लाहिरी एप्रिल २०१४ मध्ये इंडोनेशियन मास्टर्स जिंकून उतरला. अखेरच्या होलवर ईगल घेत त्याने एका फटक्याने बाजी मारली. त्याच वर्षी त्याने मकाऊ ओपनही जिंकली आणि त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. यापूर्वी २०१२ च्या ब्रिटिश ओपनमध्ये, रॉयल लिथमच्या मैदानावर, त्याने नवव्या होलला टीवरून मारलेला चेंडू थेट भोकात गेला होता. अशा फटक्याला नशिबाची साथ लागतेच. त्याच स्पर्धेत संयुक्त ३१ व्या स्थानापर्यंत टिकून राहायला मात्र चार दिवसांचे कौशल्य लागते, आणि त्याची खरी नोंद ती आहे.

२०१५ हे वर्ष सविस्तर सांगावे असे आहे, कारण कोणत्याही भारतीय पुरुष गोल्फपटूचे ते बहुधा सर्वोत्तम वर्ष ठरावे. फेब्रुवारीत क्वालालंपूरला मलेशियन ओपन झाली. तिसऱ्या दिवशी लाहिरीने ६२ फटक्यांत फेरी पुरी केली, तरी अखेरच्या दिवशी सकाळी तो ऑस्ट्रियाच्या बर्न्ड वीसबर्गरच्या पाच फटके मागे होता. संध्याकाळी तो एका फटक्याने पुढे होता. ही स्पर्धा युरोपीय टूरचीही असल्याने त्या टूरवरचे त्याचे हे पहिले विजेतेपद. दोनच आठवड्यांनी दिल्ली गोल्फ क्लबवर इंडियन ओपन झाली. अखेरच्या दिवशी चौरासिया आघाडीवर होता आणि लाहिरी त्याच्या सात फटके मागे. दिल्लीचे ते मैदान अरुंद आहे. दोन्ही बाजूंनी झुडपे आहेत आणि झुडपात गेलेला चेंडू सहजासहजी परत मिळत नाही. चौरासियाने त्या दिवशी ७६ फटके घेतले, लाहिरीने ६९. बरोबरी झाली आणि जादा होलवर लाहिरीने बर्डी घेऊन स्पर्धा जिंकली. ज्या माणसाला त्याने त्या दिवशी हरवले, त्याने पुढची दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकून दाखवली हे वर आलेच आहे. दोघांचेही मोठेपण त्या एका दुपारी एकत्र दिसते.

ऑगस्टमध्ये अमेरिकेतील व्हिसलिंग स्ट्रेट्स मैदानावर पीजीए चॅम्पियनशिप झाली. पुरुषांच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी, म्हणजे मेजरपैकी, ही एक. स्पर्धेपूर्वीच्या लांब फटक्याच्या चढाओढीत लाहिरीने ३२७ यार्डांचा, म्हणजे जवळपास ३०० मीटरचा, फटका मारून ती जिंकली. मुख्य स्पर्धेत तो संयुक्त पाचवा आला. तोपर्यंत मेजरमधील भारतीयाची सर्वोत्तम कामगिरी जीव मिल्खा सिंगच्या २००८ मधील संयुक्त नवव्या स्थानाची होती. वर्षअखेर लाहिरी आशियाई टूरच्या कमाईच्या यादीत पहिला होता. जागतिक क्रमवारीत तो त्या वर्षी ३३ व्या स्थानापर्यंत चढला होता.

त्याच वर्षीचा ऑक्टोबर मात्र कडू गेला. दक्षिण कोरियात प्रेसिडेंट्स कप झाला. त्यात अमेरिकेचा संघ युरोप वगळून बाकीच्या जगाच्या संघाशी खेळतो. या सामन्यासाठी निवडला गेलेला लाहिरी पहिला भारतीय. अखेरच्या दिवशी त्याची गाठ ख्रिस कर्कशी होती. अठराव्या होलवर कर्कने लांबचा पट, म्हणजे ग्रीनवरून भोकाकडे घरंगळवलेला फटका, भोकात घातला. लाहिरीचा चेंडू भोकापासून जेमतेम चार फुटांवर होता. तो पट गेला असता तर त्यांचा सामना बरोबरीत सुटून अर्धा गुण मिळाला असता. पट चुकला. अमेरिकेने एकूण लढत १५.५ विरुद्ध १४.५ अशी जिंकली. हजारो वेळा घातलेला चार फुटांचा पट अशा दिवशी का चुकतो, याचे उत्तर मनगटापेक्षा मनात शोधावे लागते. लाहिरी विपश्यना करतो आणि त्याविषयी मोकळेपणाने बोलतो. इगतपुरीच्या धम्मगिरीमुळे महाराष्ट्राला ही साधना परिचयाची आहे. दोन वर्षांनी न्यू जर्सीतील लिबर्टी नॅशनल मैदानावर पुन्हा प्रेसिडेंट्स कप झाला, तेव्हा लाहिरी पुन्हा संघात होता. शनिवारीच लढतीचा निकाल लागेल अशी चिन्हे असताना कोरियाच्या सी वू किमच्या जोडीने त्याने सामना जिंकला आणि अमेरिकेला विजयासाठी रविवारपर्यंत थांबावे लागले.

२०१५ च्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या पात्रता स्पर्धांमधून त्याने पीजीए टूरचे कार्ड मिळवले. कार्ड म्हणजे त्या टूरवर वर्षभर खेळण्याचा हक्क. ते एकदा मिळून भागत नाही, हंगामातल्या कामगिरीवर दरवर्षी टिकवावे लागते. तेथे जिंकलेला भारतीय एकच, अर्जुन अटवाल, २०१० च्या विंडम चॅम्पियनशिपमध्ये. लाहिरी जून २०१७ मध्ये मेमोरियल स्पर्धेत संयुक्त दुसरा आला. त्यानंतरची वर्षे ओढाताणीची होती. क्रमवारीतली घसरण वर्षागणिक वाढत गेली. २०२० च्या टाळेबंदीत तो भारतात अडकला आणि ते महिने त्याने दिवेचांसोबत खेळाची पायाभूत दुरुस्ती करण्यात घालवले. एप्रिल २०२१ मध्ये टेक्सास ओपनमध्ये तो पाचवा आला. दुरुस्ती लागू पडत होती.

मार्च २०२२ मध्ये फ्लोरिडातील सॉग्रास मैदानावर प्लेयर्स चॅम्पियनशिप झाली. पीजीए टूरची ही स्वतःची सर्वांत मोठी स्पर्धा. एकूण बक्षीस दोन कोटी डॉलर. लाहिरी तेव्हा जागतिक क्रमवारीत ३२२ वा होता. पावसाने स्पर्धा लांबली आणि सोमवारपर्यंत गेली. तिसऱ्या फेरीअखेर आघाडीवर नाव होते लाहिरीचे. अखेरच्या फेरीत आठव्या होलला त्याला पारपेक्षा दोन फटके जास्त लागले. अकराव्याला त्याने ईगल घेऊन ते दोन्ही भरून काढले. पुढे ऑस्ट्रेलियाचा कॅमेरॉन स्मिथ दहा बर्डींची फेरी खेळत होता. सतरावा होल हा या मैदानाचा प्रसिद्ध होल. पाण्याने वेढलेल्या ग्रीनवर थेट चेंडू टाकावा लागतो. तेथे लाहिरीने बर्डी घेतली. स्मिथचा अठराव्या होलवरचा चेंडू पाण्यात गेला आणि त्याला बोगी बसली. आता अठराव्या होलवर आणखी एक बर्डी मिळाली असती तर बरोबरी होती. लाहिरीचा चेंडू ग्रीनच्या बाहेर राहिला आणि तेथून त्याने मारलेला चिप, म्हणजे जवळून उचललेला छोटा फटका, भोकात गेला नाही. स्मिथचे २७५ फटके, लाहिरीचे २७६. पहिल्याला ३६ लाख डॉलर, दुसऱ्याला २१ लाख ८० हजार. एका फटक्याची किंमत त्या दिवशी १४ लाख २० हजार डॉलर झाली. तरीही ही दुसऱ्या क्रमांकाची रक्कम त्याच्या कारकिर्दीतली तोवरची सर्वांत मोठी होती आणि क्रमवारीत तो एका आठवड्यात पहिल्या शंभरात परतला.

त्याच वर्षी ऑगस्टअखेर तो सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या लिव्ह गोल्फ या टूरमध्ये गेला. तेथे तेव्हा स्पर्धा तीन दिवसांची होती, खेळाडू अठ्ठेचाळीस होते, कट नव्हता आणि शेवटच्यालाही एक लाख वीस हजार डॉलर मिळत. बोस्टनजवळच्या पहिल्याच स्पर्धेत तो तिघांच्या जादा होलांपर्यंत पोचला. डस्टिन जॉन्सनने ईगल घेऊन ती जिंकली. ब्रायसन डीशॅम्बोच्या नेतृत्वाखालील क्रशर्स संघातून खेळताना २०२३ चे सांघिक विजेतेपद लाहिरीच्या वाट्याला आले. जुलै २०२४ मध्ये स्पेनच्या वाल्डेरामावर तो पुन्हा जादा होलवर हरला, या वेळी सर्जिओ गार्सियाकडून. या निर्णयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक क्रमवारी मंडळाने लिव्हला गुण देण्यास नकार दिला. ऑलिंपिकची निवड क्रमवारीवर होत असल्याने पॅरिसला भारताकडून शुभंकर शर्मा आणि गगनजीत भुल्लर गेले, लाहिरी गेला नाही. पैशाची चिंता मिटवणारा करार त्याने केला, याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या पेशात दुखापत झाली की मिळकत थांबते, तेथे माणूस निश्चित कमाईकडे वळणारच. पण भारतीय गोल्फचे त्यात नुकसान झाले, हेही खरे.

पॅरिसच्या तीन वर्षे आधी झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये लाहिरी संयुक्त ४२ वा आला होता. तेथे दुसरा भारतीय पुरुष खेळाडू होता उदयन माने, १९९१ साली चेन्नईत जन्मलेला आणि पुण्याच्या नावाने खेळलेला. तोही दिवेचांचा शिष्य. २०१५ साली व्यावसायिक झालेल्या मानेने पीजीटीआयवर विजेतेपदांची माळ लावली. २०१९ अखेरची टाटा स्टील टूर चॅम्पियनशिप त्यात येते. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतल्याने साठ जणांच्या यादीत शेवटची जागा मोकळी झाली आणि ती मानेला मिळाली. पहिल्या फेरीत ७६ फटके घेऊनही तो सावरला आणि ५६ वा आला. परदेशी टूरवर न चमकलेल्या, मुख्यतः देशातल्या स्पर्धांत खेळून क्रमवारीचे गुण जमवलेल्या खेळाडूने ऑलिंपिकपर्यंत पोचणे ही पीजीटीआयशिवाय अशक्य कोटीतली गोष्ट होती. पीजीटीआयने काय साधले, याचे उत्तर मानेच्या त्या जागेत आहे. त्याच ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची आदिती अशोक चौथी आली. कांस्यपदक तिच्यापासून एका फटक्याने दूर राहिले.

बुलढाणा जिल्ह्यातल्या, पैनगंगेच्या काठच्या देऊळघाटसारख्या गावाला गोल्फ दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. पूर्ण मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते आणि गवत हिरवे ठेवायला रोज पाणी लागते. उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरणाऱ्या जिल्ह्यात अशा मैदानाची मागणी करणे योग्यही नाही. पण गोल्फ शिकायला पूर्ण मैदान लागत नाही. अडीचशे-तीनशे मीटर लांबीचा मोकळा पट्टा आणि एका टोकाला फटके मारायच्या जागा, एवढ्यावर सराव होतो. ग्रीनही गवताचेच हवे असे नाही. भारतातल्या अनेक जुन्या छावण्यांत वाळूत तेल मिसळून केलेल्या ब्राऊनवर पिढ्या खेळल्या. दिल्लीत विकास प्राधिकरणाचे कुतुब गोल्फ मैदान सभासदत्व नसलेल्या माणसालाही शुल्क भरून खेळू देते.

गोल्फइतकाच स्थिर हात मागणारा दुसरा खेळ याच जिल्ह्यात रुजला आहे. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघायच्या तिरंदाजी विश्वचषकात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला, तेव्हाच्या जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या धनुर्धराला, १४९ विरुद्ध १४८ असे हरवले. तेथेही अंतर एकाच गुणाचे होते. त्याला तो गुण मिळाला तो बुलढाण्यात सरावाची जागा आणि शिकवणारा प्रशिक्षक उपलब्ध होता म्हणून. मैदानाचे फाटक लाहिरीला जन्माने उघडे मिळाले, चौरासियाला ते चोरून ओलांडावे लागले. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हा क्रीडा संकुलाने गोल्फच्या सरावासाठी एक पट्टा आणि दहा-वीस जुने क्लब ठेवावेत आणि ते कोणत्याही शाळेच्या मुलामुलींना विनामूल्य वापरू द्यावेत. ही मागणी जिल्हा परिषदेकडे आणि क्रीडा विभागाकडे लेखी करण्याचे काम शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी आणि पालकांनी आता हाती घ्यावे.